संस्थेची स्मृती आणि संगणक

गेल्या तीन-साडेतीन दशकांत बँका, रुग्णालये, महसूल कचेऱ्या, विद्यापीठे आणि ग्रंथालये यांचा व्यवहार कागदावरून संगणकावर गेला आहे. हे स्थित्यंतर आता लहान संस्थांपर्यंतही पोहोचले आहे. नोंदवह्या, पत्रव्यवहार, हस्तलिखिते, छायाचित्रे हे सारे संगणकात साठविले जात आहे. याच काळात 'ज्ञानव्यवस्थापन' नावाची एक अभ्यासशाखा उदयास आली. संस्थेतील माणसांना जे ठाऊक आहे ते ओळखणे, जपणे, ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचविणे आणि पुढील पिढीच्या स्वाधीन करणे, असे तिचे कार्य थोडक्यात सांगता येईल.

प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. एखादी संस्था आपली कागदपत्रे संगणकावर नेते तेव्हा तिचे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते काय? जात नसेल, तर मागे काय राहते आणि ते वाचविण्यासाठी काय करावयास हवे?

हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा म्हणून ओळखला जात असला तरी पाली साहित्याच्या अभ्यासकांना तो अगदी अपरिचित नाही. भिक्खू संघ ही जगातील दीर्घायुषी संस्थांपैकी एक होय. तिने आपले ज्ञान कंठातून ताडपत्रावर, ताडपत्रावरून शिळेवर व छापील ग्रंथात आणि आता संगणकावर आणले आहे. यातील प्रत्येक स्थित्यंतराच्या वेळी वरील प्रश्न कोणत्या ना कोणत्या स्वरूपात उभा राहिला. म्हणून आधुनिक उद्योगसंस्थांचा अनुभव आणि संघाचा अनुभव एकत्र ठेवून पाहिल्यास दोहोंवरही प्रकाश पडतो.

माहिती आणि ज्ञान

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. माहिती कागदावर किंवा संगणकात राहू शकते. ज्ञान मात्र माणसाच्या ठायी असते. रुग्णाच्या नाडीचे ठोके ही माहिती झाली. ते ठोके पाहून या रुग्णाला आज रात्री एकटे ठेवू नये असे अनुभवी परिचारिकेला कळते, ते ज्ञान होय. तिला कारण विचारले तर ती काही सांगेल. परंतु तिने सांगितलेले सर्व लिहून घेतले तरी तेवढ्यावरून नवख्या परिचारिकेला तो निर्णय घेता येईलच असे नाही.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांतून या शब्दांपलीकडच्या ज्ञानाची मीमांसा केली. माणूस चेहरा ओळखतो, सायकल चालवितो, पण हे आपण कसे करतो हे त्याला पूर्णपणे सांगता येत नाही. अशा ज्ञानाला आपण 'अव्यक्त ज्ञान' म्हणू. पुढे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात अव्यक्त ज्ञान व्यक्त कसे होते आणि व्यक्त झालेले पुन्हा माणसांच्या अंगी कसे मुरते, याचे विवेचन केले. त्यांनी दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८५ च्या सुमारास ओसाका येथील मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनविणारे यंत्र तयार करीत होती. कणिक नीट मळली जाईना. अनेक मोजमापे घेऊनही उलगडा होईना. अखेर कंपनीतील एक स्त्री-अभियंता शहरातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकावयास गेली. त्याच्याजवळ राहून मळता मळता तिच्या ध्यानात आले की तो कणिक केवळ ताणीत नाही, तर ताणताना तिला पीळ देतो. ही गोष्ट त्याने कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण आपण असे करतो हे त्याच्याही ध्यानी नव्हते. त्यानंतर बऱ्याच प्रयत्नांनी यंत्राच्या आतील रचना बदलली गेली व यंत्र यशस्वी झाले.

पालीच्या वाचकाला येथे प्रज्ञेच्या तीन प्रकारांचे स्मरण होईल. दीघनिकायातील संगीतिसुत्तात चिंतामया, सुतमया आणि भावनामया अशा तीन प्रज्ञा सांगितल्या आहेत. ऐकून प्राप्त होणारी, स्वतः चिंतन करून प्राप्त होणारी आणि अभ्यासाने अंगी बाणणारी, असा त्यांचा सामान्य अर्थ. ही वर्गवारी मुक्तीच्या मार्गासंबंधी आहे, कार्यालयीन कौशल्यासंबंधी नाही, हे विसरता कामा नये. तरीही तिच्यातील भेद आपल्या विषयाला उपयोगी पडतो. संगणकात जे साठविता येते ते फार तर ऐकण्याची सामग्री होय. तिचे चिंतन आणि अभ्यास माणसालाच करावा लागतो.

दुरुस्ती करणाऱ्यांच्या गोष्टी

डिजिटल रूपांतराच्या काळात ज्ञान कसे वाहते हे दाखविणारे एक बोधप्रद उदाहरण झेरॉक्स कंपनीचे आहे. या कंपनीची छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणारे हजारो तंत्रज्ञ ठिकठिकाणी फिरत असत. प्रत्येकाजवळ दुरुस्तीची जाडजूड पुस्तिका असे. अमुक चिन्ह दिसले तर अमुक भाग तपासा, अशी तिची रचना. कंपनीची समजूत अशी की दुरुस्तीचे सारे ज्ञान या पुस्तिकेत आहे आणि तंत्रज्ञाने ते केवळ वापरावयाचे आहे.

ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात या तंत्रज्ञांबरोबर राहिले. त्यांचे निरीक्षण १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांना असे दिसले की जुनी झालेली, निरनिराळ्या हवामानात आणि निरनिराळ्या हातांखाली चालणारी यंत्रे पुस्तिकेत नसलेल्या रीतींनी बिघडतात. अशा वेळी तंत्रज्ञ एकमेकांना गाठत. न्याहारीच्या टेबलावर, चहाच्या वेळी ते आपापल्या अवघड यंत्रांच्या गोष्टी सांगत. अशाच एखाद्या गोष्टीत दुसऱ्याच्या अडचणीचा उलगडा असे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने जो वेळ वाया जात होता, त्याच वेळेत संस्थेचे खरे ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात होते.

पुढे कंपनीच्या संशोधकांनी या ज्ञानासाठी संगणकाचा उपयोग करण्याचे ठरविले. तज्ज्ञांचे नियम यंत्रात भरून यंत्रानेच दोष शोधावा, असा पहिला प्रयत्न होता. तंत्रज्ञांनी त्याचे कौतुक केले. पण आपल्या खऱ्या अडचणी याने सुटणार नाहीत, असेही सांगितले. त्यानंतर १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये 'युरेका' नावाची निराळी व्यवस्था उभी राहिली. तीत तंत्रज्ञांनी स्वतःच आपले अनुभव थोडक्यात लिहावयाचे, जाणत्या सहकाऱ्यांनी ते तपासावयाचे आणि मगच ते सर्वांसाठी खुले करावयाचे, अशी पद्धत होती. या लेखनासाठी पैसे द्यावेत की काय, असा प्रश्न निघाला तेव्हा तंत्रज्ञांना पैशापेक्षा आपले नाव नोंदीखाली असणे महत्त्वाचे वाटले. नावामुळे मान मिळतो, जबाबदारी येते आणि शंका असल्यास कोणाला विचारावयाचे हेही कळते. ही व्यवस्था पुढे इतर देशांतही गेली.

या उदाहरणातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, संस्थेचे ज्ञान अधिकृत पुस्तिकेत असते त्याहून निराळे व अधिक असते. दुसरी, संगणक या ज्ञानाचा प्रसार करू शकतो. परंतु माणसांचा परस्परसंबंध आधी असावा लागतो. तिसरी, नोंद कोणी केली आणि कोणी तपासली हे ठाऊक असल्याशिवाय नोंदीवर विश्वास बसत नाही.

भाणक परंपरा

आता संघाकडे वळू. बुद्धवचन कित्येक शतके लिहिलेले नव्हते. ते कंठस्थ करण्याची जबाबदारी भिक्खूंनी वाटून घेतली होती. दीघनिकाय मुखोद्गत असणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय जाणणारे मज्झिमभाणक, तसेच संयुत्तभाणक, अंगुत्तरभाणक, जातकभाणक असे वर्ग होते. ही केवळ ग्रंथांतील कल्पना नव्हे. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभलेखात सोपाऱ्याहून आलेल्या धम्मुत्तरीय पंथाच्या सातिमित नावाच्या भाणकाच्या दानाचा उल्लेख आहे. महाराष्ट्रातील लेण्यांमध्ये हे जिवंत ग्रंथालय वावरत होते, याची ही शिळेवरील साक्ष होय.

या व्यवस्थेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. एका माणसावर सर्व भार टाकलेला नव्हता. पण प्रत्येक विभागाला जबाबदार मंडळी ठरलेली होती. पठण सामूहिक असल्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या कानावर लगेच येत असे. संगीती या शब्दाचा अर्थच एकत्र म्हणणे असा आहे. संगीतिसुत्ताच्या प्रारंभी याचे कारणही दिले आहे. निगण्ठ नाटपुत्तांच्या निधनानंतर त्यांच्या अनुयायांत मतभेद माजले, हे पाहून सारिपुत्त थेरांनी भिक्खूंना एकत्र केले आणि एकापासून दहापर्यंतच्या संख्यांनुसार धम्माची मांडणी करून दाखविली. शास्त्याच्या पश्चात संस्थेने काय धरून राहावयाचे, हा तेथील प्रश्न आहे. संख्यावार मांडणी ही स्मरणाची सोय आणि एकत्र पठण ही शुद्धतेची हमी, अशी ती दुहेरी योजना होती.

एकाच माणसाजवळ उरलेला ग्रंथ

तथापि ही व्यवस्थाही संकटात सापडत असे. विनयाच्या अट्ठकथेत एक प्रसंग आला आहे. सिंहलद्वीपातील महाभयाच्या काळात एक वेळ अशी आली की महानिद्देस हा ग्रंथ एकाच भिक्खूला येत होता आणि त्या भिक्खूचे शील चांगले नव्हते. महारक्खित थेरांना त्याच्याकडून ग्रंथ शिकून घ्यावा असे सांगण्यात आले. त्यांनी प्रथम नकार दिला. तेव्हा एका ज्येष्ठ थेरांनी, तुम्ही शिकत असताना मी जवळ बसेन, असे आश्वासन दिले आणि महारक्खितांनी तो रात्रंदिवस शिकून पूर्ण केला. शेवटच्या दिवशी त्यांना त्या भिक्खूच्या मंचकाखाली एक स्त्री दिसली. हे आधी कळते तर मी शिकलो नसतो, असे ते म्हणाले. परंतु पुढे अनेक थेरांनी त्यांच्याकडून महानिद्देस शिकून घेतला आणि तो ग्रंथ टिकला.

अट्ठकथाकारांनी ही अडचणीची गोष्ट लपवून ठेवली नाही, हे विशेष होय. तीत व्यवस्थापनशास्त्रातील एक मोठा धडा आहे. एखादे ज्ञान एकाच माणसाजवळ उरले म्हणजे संस्था त्याच्या आयुष्याच्या, स्वभावाच्या आणि सदिच्छेच्या अधीन होते. आजच्या कार्यालयात अमुक फाइल कोठे आहे, अमुक यंत्रणेचा परवलीचा शब्द काय, अमुक दात्याशी कोणता शब्द ठरला होता, हे एकाच लिपिकाला ठाऊक असते. तो निवृत्त झाला की संगणकातील सर्व नोंदी शाबूत असूनही काम अडते. संकट आल्यावर शिकण्यापेक्षा, ते येण्यापूर्वीच दुसरा जाणकार तयार करणे हाच यावरील उपाय आहे.

लेखनाचा निर्णय

वट्टगामणी अभय राजाच्या काळात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सिंहलद्वीपात तिपिटक लेखनबद्ध झाले. मातलेजवळील आलुविहार हे त्याचे स्थान परंपरा सांगते. दुष्काळ आणि युद्ध यांनी भिक्खूंची संख्या घटली होती. अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकथेत या काळातील एक हकीकत आहे. साठ भिक्खू देशातच राहून कंदमुळांवर निर्वाह करीत पठण करीत राहिले आणि समुद्रापलीकडे गेलेले सातशे भिक्खू बारा वर्षांनी परतले. दोन्ही समूहांनी आपले पाठ ताडून पाहिले तेव्हा एका अक्षराचाही फरक आढळला नाही, असे अट्ठकथा सांगते. वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या दोन प्रतींची ही तपासणीच होय. फक्त त्या प्रती जिवंत माणसांच्या होत्या.

याच संदर्भात शासनाचे मूळ परियत्ती की पटिपत्ती, म्हणजे ग्रंथाध्ययन की आचरण, असा वाद झाला. पांसुकूलिक भिक्खूंनी आचरणाची बाजू मांडली, धम्मकथिकांनी अध्ययनाची. निर्णय धम्मकथिकांच्या बाजूने लागला. त्यांचे म्हणणे असे की ग्रंथ राहिला तर आज आचरण करणारा नसला तरी उद्या निर्माण होऊ शकेल; ग्रंथच नाहीसा झाला तर मार्ग दाखविणारे काही उरणार नाही.

संगणकात साठवण करणाऱ्यांना हा निर्णय आपल्या बाजूचा वाटेल आणि तो काही अंशी आहेही. साठवण ही कमी प्रतीची गोष्ट नव्हे. परंतु ग्रंथ लिहिल्यानंतरही संघाने पठण सोडले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ताडपत्र आले म्हणून भाणक अनावश्यक ठरला नाही. मंडाले येथे मिंडोन राजाने १८६० ते १८६८ या काळात ७२९ संगमरवरी शिळांवर तिपिटक कोरविले. तरीही १८७१ मध्ये पाचवी संगीती भरली. १९५४ ते १९५६ या काळात यांगून येथे सहावी संगीती झाली तेव्हा छापील ग्रंथ उपलब्ध होते. तेथे २,५०० भिक्खू एकत्र आले आणि पाठ तपासून त्याचे सामूहिक पठण झाले. प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर जाणत्यांचा समूहही कायम ठेवण्यात आला.

संगणकावरील तिपिटक

पाली तिपिटक संगणकावर आणण्याचे काम थायलंडमधील महिडोल विद्यापीठाने १९८८ मध्ये सिद्धीस नेले. आपल्याकडे इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यासाने सहाव्या संगीतीचा पाठ अट्ठकथा व टीकांसह देवनागरीत छापला आणि १९९० च्या दशकातच तो सीडीवर अनेक लिप्यांमध्ये उपलब्ध करून दिला. तत्पूर्वी भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून निघालेले ४१ खंड हाच देवनागरी वाचकांचा मुख्य आधार होता. जे खंड मोजक्या ग्रंथालयांत पाहावयास मिळत, त्यांचा पाठ आज खेड्यातील विद्यार्थ्यालाही भ्रमणध्वनीवर वाचता येतो. हा लाभ फार मोठा आहे. त्याला गौण लेखणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु संगणकावरील पाठ वाचण्यासाठी लागणारे ज्ञान त्या पाठात नसते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे पेय्याल. पाली ग्रंथांत पुनरुक्तीचा भाग गाळून तेथे 'पे' असे लिहिण्याची रीत आहे. एखादे विधान रूपाविषयी पूर्ण दिले जाते. वेदना, सञ्ञा, संखार यांच्या जागी 'पे' येते आणि विञ्ञाणापाशी ते पुन्हा पूर्ण होते. भाणकाला गाळलेला भाग उलगडून म्हणता येत असे. यंत्राला मात्र समोर आहे तेवढेच दिसते. एखादे विधान वेदनेच्या संबंधाने कितीदा आले, असे संगणकाला विचारले तर तो गाळलेली स्थळे मोजणार नाही. निरनिराळ्या देशांच्या आवृत्त्यांत गाळण्याची रीतही सारखी नाही. अट्ठकथा संयुत्तनिकायातील सुत्तांची संख्या ७,७६२ सांगते. मुद्रित आवृत्त्यांत ती तीन हजारांच्या आतच भरते. ही तफावत मुख्यतः पेय्याल कसे उलगडावयाचे व सुत्ते कशी मोजावयाची यातून उद्भवते. ज्याला हे ठाऊक नाही तो संगणकाने दिलेला आकडा प्रमाण मानील आणि त्यावर निष्कर्ष उभारील.

दुसरी गोष्ट शब्दशोधाची. पालीत शब्द विभक्ती व संधी यांमुळे रूप पालटतो. न आणि अत्थि मिळून नत्थि होते. मूळ शब्द शोधणाऱ्याला अशी रूपे सापडतीलच असे नाही. शिवाय सापडलेले वाक्य कोणी, कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी म्हटले आहे, हे पाहण्यासाठी सबंध सुत्तच वाचावे लागते. प्रतिपक्षाचे म्हणून आलेले मत बुद्धमत म्हणून उद्धृत करण्याचा प्रमाद शब्दशोधाने सोपा झाला आहे. मज्झिमनिकायातील अलगद्दूपमसुत्तात सर्पाला शेपटीकडून धरणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. सर्प उलटून त्यालाच दंश करतो. चुकीच्या रीतीने धरलेला धम्मही तसाच होय. संदर्भावाचून उचललेल्या वाक्याला हा दृष्टांत तंतोतंत लागू पडतो.

चिनी भाषेतील बौद्ध ग्रंथांच्या बाबतीत आणखी निराळी अडचण आली. दक्षिण कोरियातील हेइन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेले ८० हजारांहून अधिक लाकडी ठसे आहेत. त्यांतील मजकूर संगणकावर घेताना असे दिसले की एकाच अक्षराची कित्येक वळणे त्यांत आहेत आणि प्रमाण संगणकीय अक्षरसंचात त्यांतील पुष्कळ नाहीत. ही वळणे एकच मानावयाची की वेगळी ठेवावयाची, याचा निर्णय यंत्र घेऊ शकत नव्हते. त्यासाठी जुनी लिपी जाणणारे पंडितच लागले. यंत्र आणावयाचे तर जाणकारांची गरज कमी होत नाही, प्रारंभी तरी ती वाढते.

माध्यमाचे आयुष्य

संगणकात ठेवलेले कायम राहते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. मंडालेच्या शिळा दीडशे वर्षांनंतर आजही वाचता येतात. १९९० च्या दशकातील सीडी वाचण्याची सोय मात्र नव्या संगणकांत बहुधा नसते.

मराठीपुरते बोलावयाचे तर अडचण याहून जवळची आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती देवनागरीसह प्रसिद्ध झाली. तरीही प्रत्यक्ष अक्षरजुळणीत पुढे कित्येक वर्षे श्रीलिपी, आकृती यांसारखे टंकसंच वापरले जात. त्यांची अंतर्गत योजना निराळी असल्यामुळे त्या काळातील धारिका आज मूळ टंकसंचावाचून उघडल्या तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन रांग दिसते. त्या काळची स्मरणिका छापील स्वरूपात कपाटात असेल तर ती वाचता येते. तिची संगणकीय प्रत जवळ असूनही वाचता येत नाही. आपल्या लहान संस्थांनी या धारिका युनिकोडमध्ये वेळीच रूपांतरित करून मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिल्या नाहीत, तर एका पिढीचे लेखन हातचे जाईल. ताडपत्रे जीर्ण होत तेव्हा विहारांतून त्यांच्या नव्या प्रती काढल्या जात. संगणकीय प्रतीलाही हाच नियम लागू आहे. फक्त जीर्ण होण्याचा काळ शतकांऐवजी दशकाचा झाला आहे.

लहान संस्थांनी काय करावे?

वरील विवेचनातून काही व्यावहारिक सूचना निघतात. त्यांना मोठ्या खर्चाची गरज नाही.

१. कागदाबरोबर माणसाचीही नोंद घ्यावी. अनेक विहारांत आणि घरांत १९५६ च्या धम्मदीक्षेच्या काळातील छायाचित्रे, आंबेडकरी जलशांच्या वह्या, सभांची हस्तपत्रके आहेत. ती यंत्राने टिपून घेण्याचे काम एका दिवसात होईल. परंतु छायाचित्रातील दुसऱ्या रांगेत उभी असलेली बाई कोण, वहीतील पद कोणत्या चालीवर म्हणावयाचे, हे सांगणारे लोक आज अतिवृद्ध झाले आहेत. प्रथम त्यांच्याजवळ बसावे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, नावे लिहून घ्यावीत आणि मग यंत्र लावावे. क्रम उलटा झाला तर चित्र स्वच्छ राहील आणि माणसे अनामिक होतील.

२. कोणतेही काम किमान दोघांना यावे. ग्रंथसूचीची रचना, हिशेबाची रीत, संगणकाचे परवलीचे शब्द, जुन्या पत्रव्यवहाराचे संदर्भ यांचा जाणकार एकटा असेल तर त्याच्याजवळ एक तरुण माणूस बसवावा. महानिद्देसाची गोष्ट प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात सांगण्याजोगी आहे.

३. नोंदीखाली नाव असावे. कोणी लिहिले, कोणाकडून ऐकले, कोणी तपासले आणि कोणत्या दिवशी, हे चार तपशील प्रत्येक नोंदीत असावेत.

४. प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि ताडून पाहाव्यात. एकाच कपाटातील दोन प्रती या दोन प्रती नव्हेत. तसेच कोणत्याही एका कंपनीच्या आज्ञावलीवर अवलंबून नसलेले खुले स्वरूप वापरावे.

५. वर्षातून एकदा एकत्र बसून संग्रहाचे वाचन करावे. कोणती नोंद चुकीची आहे, कोणाला काय आठवते, कोणते नाव नव्याने कळले, याची चर्चा व्हावी. झेरॉक्सच्या तंत्रज्ञांची न्याहारी आणि संघाचे सामूहिक पठण या दोहोंचे कार्य अशा बैठकीतून साधेल.

प्रमाण कसे ठरवावे?

अखेरीस एका नव्या अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे प्रश्न विचारताच ओघवत्या भाषेत उत्तर देतात. संस्थांनी आपले दप्तर अशा यंत्रांच्या हाती देऊन कर्मचाऱ्यांच्या शंकांची उत्तरे त्यांच्याकडून घेण्यास प्रारंभ केला आहे. ही उत्तरे पुष्कळदा बरोबर असतात. पण कधी कधी अस्तित्वात नसलेले सुत्त किंवा चुकीचा संदर्भही तितक्याच आत्मविश्वासाने पुढे केला जातो. भाषेच्या ओघावरून खरे-खोटे ओळखता येत नाही.

या बाबतीत महापरिनिब्बानसुत्तात भोगनगर येथे सांगितलेले चार महापदेस मार्गदर्शक आहेत. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. कोणी संघाचे, कोणी अनेक थेरांचे, तर कोणी एका थेराचे नाव सांगेल. त्याचे म्हणणे लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. ते नीट समजून घेऊन सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे व मगच ठरवावे, असा त्याचा आशय आहे. सांगणाऱ्याचा अधिकार मोठा असला तरी तपासणी चुकत नाही, हे येथील मर्म होय. यंत्राच्या उत्तरालाही हीच कसोटी लावावी. मात्र ताडून पाहावयाचे तर मूळ ग्रंथ वाचू शकणारा माणूस संस्थेत असला पाहिजे. यंत्रामुळे अशा माणसाची गरज उरली नाही असे मानणारी संस्था यंत्राची चूक ओळखण्याची शक्तीच गमावून बसते.

तेव्हा प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. कागदपत्रे संगणकावर जातात, ज्ञान आपोआप जात नाही. संगणकाने साठवण, प्रसार आणि शोध ही कामे पूर्वी कधी झाली नव्हती इतकी सुलभ केली आहेत. परंतु अर्थ लावणे, प्रमाण ठरविणे आणि पुढच्या माणसाला तयार करणे ही कामे माणसांच्या समूहालाच करावी लागतात. संघाने प्रत्येक नवे माध्यम स्वीकारले आणि एकत्र बसून म्हणण्याची रीतही राखली, म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वीचे शब्द आपल्यापर्यंत आले. आपल्या संस्थांनी संगणक खरेदी करताना त्याच्या शेजारी वडीलधाऱ्या जाणकारासाठी आणि शिकणाऱ्या मुलामुलीसाठी अशा दोन खुर्च्याही अवश्य मांडाव्यात.